पॉलेट बेटावरचा गडगा

१० जानेवारी, बुएनोस आयरेस

प्वेर्तो मादेरोच्या गोदीत एक जुनं लढाऊ जहाज कायमचं बांधून ठेवलं आहे. नाव ‘उरुग्वाय’. १८७४ साली इंग्लंडात बांधलेलं, आता संग्रहालय झालेलं. लांबी जेमतेम ४६ मीटर. धक्क्यावरून बघताना ते देखणं वाटतं, पण हेच जहाज १९०३ साली बर्फाच्या समुद्रात माणसं शोधायला गेलं होतं हे आठवलं की पोटात खड्डा पडतो.

लेक टोरंटोहून आली, मी कुडाळहून मुंबईमार्गे. विमानांचा हिशेब सांगत बसत नाही. पहाटे हॉटेलात पोचलो, आंघोळी केल्या आणि थेट इथे आलो. “आई, सुरुवात इथूनच करूया,” असं तिनंच ठरवलं होतं.

या प्रवासाचं मूळ एका फोटोत आहे. तीन वर्षांपूर्वी लेकीनं मला एका पडक्या दगडी घराचा फोटो पाठवला. छप्पर नाही, भिंती अर्ध्या ढासळलेल्या, आजूबाजूला पेंग्विनच पेंग्विन. खाली तिनं लिहिलं होतं, “हा आबांच्या गडग्यासारखा दिसतो ना?” कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गडगा म्हणजे चुना-माती काही न लावता नुसते दगड रचून घातलेलं कुंपण. माझे वडील गडगे घालायचे. शेती होतीच, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख गडगेवाले म्हणून होती. पावसाळा संपला की डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या बागेत आबा आणि त्यांचा एक जोडीदार दगड उचलत असायचे. लहानपणी मी त्यांना चिपा गोळा करून द्यायचे. मोठ्या दगडांमधल्या फटीत ठोकायच्या कपच्यांना आम्ही चिपा म्हणतो.

फोटोतलं ते घर पॉलेट नावाच्या बेटावर आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या टोकाशी, वेडेल समुद्राच्या तोंडावर. बेट जवळजवळ गोल, या टोकापासून त्या टोकापर्यंत दीडेक किलोमीटर. तिथे माणूस राहत नाही. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवताना नकाशावर मी या जागेवरून शेकडो वेळा बोट फिरवलं असेल, पण त्या ठिपक्याला नाव आहे हे मला ठाऊक नव्हतं.

११ आणि १२ जानेवारी, उशुआया

अर्जेंटिनाचं दक्षिण टोक. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, जानेवारी असून माथ्यावर बर्फ. इथे सगळा वेळ तयारीत गेला. जहाजावर चढायच्या आधी आणि नंतरही बॅगा, खिसे, कॅमेऱ्याचे स्टँड, बुटांचे तळवे तपासतात, व्हॅक्यूमनं साफ करतात. गवताचं एखादं बी किंवा मातीचा कण त्या जमिनीवर जाता कामा नये. माझ्या जॅकेटच्या चिकटपट्टीत एक कुसळ सापडलं. गावच्या कुणग्यातलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं असणार. ते चिमट्यानं काढणाऱ्या मुलीनं माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि ते पिशवीत टाकलं. इतकी काळजी घेणारी माणसं मला फार आवडली.

संध्याकाळी जहाज सुटलं. रात्री दहापर्यंत उजेड होता.

१३ आणि १४ जानेवारी, ड्रेक सामुद्रधुनी

या दोन दिवसांबद्दल थोडक्यात. जहाज हलत होतं, आम्ही आडव्या होतो. आलेपाकाच्या वड्या मी घरून आणल्या होत्या, त्यांनी मला सांभाळलं. लेकीनं कानामागे औषधाची पट्टी लावली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी उठून मागच्या डेकवर गेले तेव्हा एक भटका अल्बट्रॉस जहाजामागून येत होता. पंख हलवत नव्हता. लाटेच्या उतारावर घसरायचा, वाऱ्याकडे वळायचा, वर चढायचा, पुन्हा घसरायचा. तासभर पाहिला, त्यानं चार वेळासुद्धा पंख मारले नसतील.

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाण्याचं तापमान काही अंशांनी एकदम उतरलं होतं. इथे उत्तरेकडचं कोमट पाणी आणि दक्षिणेचं थंड पाणी भेटतं, थंड पाणी खाली बुडी मारतं. वर्गात फळ्यावर मी ही रेघ कितीदा काढली आहे. इथे ती अंगाला लागली, डेकवर हातमोज्यांशिवाय उभं राहवेना.

रात्री मोहीमप्रमुखांनी उद्याचा बेत सांगितला. पहाटे अंटार्क्टिक साउंड, सकाळी पॉलेट, बर्फानं वाट दिली तर. हे “तर” ते फार सावकाश म्हणाले.

१५ जानेवारी, अंटार्क्टिक साउंड

चार वाजता जाग आली तेव्हा केबिनची खिडकी पांढरी होती. बाहेर एक हिमनग जात होता, सपाट माथ्याचा, टेबलासारखा, आमच्या जहाजापेक्षा कितीतरी लांब. बर्फाच्या तरंगत्या पठाराचा तुकडा तुटून निघाला की असा चौकोनी हिमनग होतो. वेडेल समुद्रातून असे हिमनग एकामागून एक या खाडीत येतात. एकाच्या कडेला निळी पोकळी होती, आतून दिवा लावल्यासारखी.

या खाडीला ‘अंटार्क्टिक’ हे नाव खंडावरून नाही, एका जहाजावरून मिळालं आहे. स्वीडनचे भूगर्भशास्त्रज्ञ ऑटो नॉर्डेनशेल्ड १९०१ साली ‘अंटार्क्टिक’ जहाज घेऊन निघाले. कप्तान नॉर्वेचे कार्ल अँटोन लार्सेन. फेब्रुवारी १९०२ मध्ये नॉर्डेनशेल्ड आणि पाच जण स्नो हिल बेटावर लाकडी घर बांधून राहिले, त्यात अर्जेंटिनाच्या नौदलाचा एक तरुण अधिकारी होसे मारिया सोब्राल होता. जहाज उत्तरेला गेलं, पुढच्या उन्हाळ्यात त्यांना न्यायला येणार होतं. आलंही, पण बर्फानं वाट अडवली. तेव्हा लार्सेननी २९ डिसेंबर १९०२ ला होप बे इथे तिघांना उतरवलं. बर्फावरून चालत स्नो हिलला जाऊन निरोप द्यायचा, असं ठरलं. त्या तिघांना मध्ये उघडं पाणी लागलं, ते मागे फिरले. आणि जहाज न्यायला परत येईना. ते येणारच नव्हतं. बर्फाच्या कचाट्यात सापडून ‘अंटार्क्टिक’ १२ फेब्रुवारी १९०३ ला बुडालं.

म्हणजे सहा माणसं स्नो हिलला, तीन होप बेला आणि वीस बर्फावर. कुणालाच इतरांचा पत्ता नाही.

ते वीस जण होड्या आणि सामान बर्फावरून ओढत, मध्ये पाणी लागलं की होड्यांत बसत, सोळा दिवसांनी, २८ फेब्रुवारीला पॉलेटच्या किनाऱ्याला लागले. अंतर चाळीसेक किलोमीटर. सावंतवाडीहून निघून मालवणच्या अलीकडे पोचावं, तेवढं.

आमचं जहाज साडेसातला पॉलेटजवळ आलं. धुक्यातून काळा शंकू दिसला, खाली काळी पट्टी, त्यावर पांढरे डाग. पण बेट आणि आमच्यामध्ये बर्फाच्या लाद्या दाटून आल्या होत्या आणि वारा त्यांना किनाऱ्याकडे रेटत होता. कप्तानांनी दोन तास वाट पाहिली. मग घोषणा झाली, आज उतरता येणार नाही.

मी रडले नाही, पण लेकीनं माझा हात धरून ठेवला. इतक्या लांबून येऊन तीन किलोमीटरवरून परत फिरायचं. मग मनात आलं, लार्सेनची माणसं याच बर्फावर सोळा दिवस हेच करत होती. जमीन दिसते आहे, प्रवाह मागे ओढतो आहे.

दुपारी होप बेजवळून गेलो. अर्जेंटिनाच्या एस्पेरांझा तळाची लाल घरं दिसली. तिथेच त्या तिघांच्या दगडी झोपडीचे अवशेष जपून ठेवले आहेत. दुर्बिणीतून मला घरं दिसली, झोपडी दिसली नाही.

१६ जानेवारी, पॉलेट बेट

पहाटे पाचला स्पीकर वाजला. वारा फिरला होता. बर्फाच्या लाद्या रातोरात पांगल्या होत्या.

आधी वास आला. रबरी होडीत बसून अजून किनारा दोनशे मीटरवर असताना. सुकत घातलेली मासळी आणि कोंबड्यांचं खुराडं यांच्या मधला वास. आमच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला त्याचा त्रास होत नाही. मग आवाज, जत्रेच्या गर्दीसारखा, एकसारखा. आणि मग उतारावरचे पांढरे डाग हलायला लागले. इथे अडेली पेंग्विनच्या सुमारे एक लाख जोड्या वीण करतात. किनाऱ्यापासून डोंगराच्या अंगावर खूप उंचापर्यंत तेच होते. जमीन गुलाबी झाली होती, कोळंबीसारखे बारीक क्रिल खाल्लेल्या पक्ष्यांच्या विष्ठेनं.

एका वेळी शंभरपेक्षा जास्त माणसं किनाऱ्यावर उतरवत नाहीत. पक्ष्यांपासून निदान पाच मीटर लांब राहायचं. बसायचं नाही, पिशवी जमिनीवर ठेवायची नाही, कारण पक्ष्यांच्या साथीचा धोका आहे. पेंग्विननी समुद्रापर्यंत ये-जा करून पडलेल्या वाटा असतात, त्या ओलांडताना थांबून त्यांना आधी जाऊ द्यायचं. मला हे नियम पाठ होते. तरी एक पिल्लू माझ्या बुटापाशी येऊन उभं राहिलं तेव्हा काय करायचं ते सुचेना. मी हललेच नाही. राखाडी लव, पोट सुटलेलं, अंगावर चिखल. ते माझ्याकडे पाहून गेलं.

जानेवारीच्या मध्यावर पिल्लं घरटं सोडून घोळक्यानं उभी राहतात आणि आईबाप दोघंही समुद्रावर जातात. परतलेला पक्षी घोळक्याजवळ येऊन ओरडतो, त्याची पिल्लं आवाज ओळखून धावत सुटतात, आणि तो पळायला लागतो. पिल्लं मागे. सगळ्यात चिवट पिल्लाला आधी घास मिळतो. हे दृश्य आमच्यासमोर दहा ठिकाणी एकदम चालू होतं. वर स्कुआ पक्षी घिरट्या घालत होते, घोळक्यातून एकटं पडलेलं पिल्लू शोधत.

घरट्यांकडे मात्र मी वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं. अडेलीचं घरटं म्हणजे खड्यांचं आळं. बर्फ वितळला की पाणी वाहतं, अंडं ओलं होऊ नये म्हणून खडे रचून ते उंचावायचं. चांगला खडा इतका मोलाचा की शेजाऱ्याची नजर चुकवून पळवतात. एक पक्षी चोचीत खडा घेऊन आला, ठेवला, उचलला, दुसऱ्या बाजूला ठेवला. त्याच्या घरट्यात आता पिल्लू नव्हतं, तरी तो रचत होता.

आणि मग ते घर. किनाऱ्यापासून थोडं वर, पेंग्विनच्या गर्दीत बुडालेलं. ते वारसा-स्मारक आहे, अंटार्क्टिक कराराच्या यादीत क्रमांक ४१. आत जायचं नाही, भिंतीला हात लावायचा नाही. मी ठरलेल्या अंतरावर उभी राहिले.

भिंती कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे छातीपर्यंत. दगड काळा, ज्वालामुखीचा. पॉलेट हे बेटच ज्वालामुखीचा शंकू आहे, उंची ३५३ मीटर, आणि भूगर्भाच्या हिशेबानं अगदी कालपरवाचा. जमिनीत अजून थोडी ऊब आहे, म्हणून बेटाचा बराच भाग बर्फाविना राहतो. सह्याद्रीचा काळा दगडही असाच लाव्हाचा, पण तो साडेसहा कोटी वर्षांचा, पाऊस खाऊन गोलावलेला. इथला दगड धारदार. काही ठिकाणी तो फरशीसारखा चपटा फुटलेला आहे, आणि रचणाऱ्याला याहून मोठं दान नाही. आबा असा दगड मिळाला की बाजूला काढून ठेवायचे, वरच्या थरासाठी.

भिंत दुहेरी आहे. आतली एक, बाहेरची एक. वारा अडवायचा आणि ऊब धरायची तर एकेरी भिंत कामाची नाही. हे घर मार्चमध्ये, दिवस लहान होत असताना, वीस थकलेल्या माणसांनी बांधलं. त्यात खलाशी होते, कार्ल स्कॉट्सबर्ग हा वनस्पतीशास्त्रज्ञ होता. त्यांच्यात गवंडी कुणी नसावा. मी कोपरा शोधला. गडगा कोपऱ्यात कळतो. आबा म्हणायचे, “सांध्यावर सांधो येवक नको.” म्हणजे खालच्या दोन दगडांच्या फटीवर वरच्या दोन दगडांची फट यायला नको, दगडानं दोघांना धरलं पाहिजे. समुद्राकडच्या बाजूला भिंत ढासळली आहे तिथे फटी एकावर एक आलेल्या दिसतात, चार-चार थर. तिथे घाई झाली असावी, किंवा बोटं गारठली असावीत. पण डोंगराकडच्या कोपऱ्यात कुणीतरी दगड फिरवून फिरवून बसवला आहे. एक लांब दगड इकडे तोंड करून, त्यावरचा तिकडे. आणि फटींत चिपा आहेत. एकशेवीसेक वर्षं वारा त्या कोपऱ्यावर आपटतो आहे आणि तो उभा आहे. तो कोपरा घालणाऱ्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

“आई, काय बघतेस एवढं?” लेकीनं विचारलं. मी तिला चिपा दाखवल्या. तिनं कॅमेरा खाली केला आणि डोळ्यांनी पाहिलं.

वर छप्पर होतं शिडाच्या कापडाचं आणि सीलच्या कातड्यांचं. चूल सीलच्या चरबीवर. पेंग्विन हिवाळ्यात बेट सोडून जातात हे लार्सेनना ठाऊक होतं, म्हणून त्याआधी त्यांनी सुमारे अकराशे पेंग्विन मारून ठेवले. आज त्याच जागी पाच मीटरचं अंतर पाळणाऱ्या मला हे वाचताना त्रास झाला होता. इथे उभं राहून त्रास झाला नाही. मी त्या माणसांच्या जागी असते तर माझ्या लेकीसाठी हेच केलं असतं.

जूनमध्ये, ऐन अंधारात, ओले व्हेनर्सगार्ड नावाचा तरुण खलाशी वारला. त्याची कबर किनाऱ्यालगत थोड्या अंतरावर आहे, दगडांचा ढीग आणि एक क्रूस. भोवती पेंग्विनची घरटी. काही जण तिथे टोपी काढून उभे होते. मी मनात रामरक्षेच्या दोन ओळी म्हटल्या, मला तेच येतं.

३१ ऑक्टोबरला लार्सेन पाच जणांना घेऊन होडीनं निघाले. होप बेला गेले तर तिघे नव्हते, चिठ्ठी होती. ते तिघे चालत निघाले होते आणि १२ ऑक्टोबरलाच त्यांची नॉर्डेनशेल्डशी व्हेगा बेटापाशी गाठ पडली होती. काजळीनं इतके काळे झालेले की नॉर्डेनशेल्डना ते ओळखूच आले नाहीत. ८ नोव्हेंबरला कप्तान हुलियान इरिसार यांचं ‘उरुग्वाय’ स्नो हिलजवळ पोचलं, आणि त्याच रात्री लार्सेनही तिथे चालत आले. एका दिवसात. तीन दिवसांनी जहाज पॉलेटला आलं आणि शिटी वाजवली. आतले तेरा जण झोपेत होते.

जाताना ‘उरुग्वाय’नं पॉलेटवर शिधा ठेवला, पुढे कुणी अडकलं तर असावा म्हणून. बारा वर्षांनी ध्रुवसंशोधक शॅकल्टन यांचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज वेडेल समुद्रात चिरडलं, तेव्हा त्यांनी बर्फावरून पॉलेटच गाठायचं ठरवलं होतं. अंतर ३४६ मैल. ‘उरुग्वाय’च्या सुटकामोहिमेचा शिधा लंडनमध्ये जमवायला १९०३ साली शॅकल्टन स्वतः मदत करत होते, त्यामुळे घरात काय ठेवलं आहे हे त्यांना माहीत होतं. बर्फानं त्यांना पॉलेटच्या बाजूनं वाहवत पुढे नेलं. घर भरलेलं राहिलं, माणसं पोचली नाहीत. शिधा ठेवणाऱ्यानं तरी आपलं काम चोख केलं होतं.

शिखरावर त्या लोकांनी रचलेली दगडांची उतरंड आहे, शोधायला येणाऱ्या जहाजाला दिसावी म्हणून. आमच्या गटाला वर जायची परवानगी नव्हती, आणि माथ्यावर ढग होता. हिवाळ्याच्या आधी दगड घेऊन ३५३ मीटर चढणं. घर बांधून झाल्यावरसुद्धा त्यांनी हे केलं.

दीड तासानं शिटी झाली. होडीत चढायच्या आधी बूट पाण्यात घासले, जहाजावर आल्यावर पुन्हा घासले. माझ्या उजव्या बुटाच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. ब्रशनं निघेना. कर्मचाऱ्यानं टोकदार काठी दिली. बाहेर आली एक काळी चीप, नखाएवढी, एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड. फटीत बसते तशीच. क्षणभर ती माझ्या तळहातावर होती. मग मी ती त्याच्या हातात दिली. त्यानं कठड्यावरून ती परत पाण्यात सोडली, बेट अजून समोर होतं.

१७ जानेवारी, ब्राउन ब्लफ

आज खंडाच्या जमिनीवर पाय ठेवला. तांबूस कडा, खाली दगडी किनारा, जेंटू आणि अडेली दोन्ही जातींचे पेंग्विन. जहाजावर सगळ्यांना याचंच अप्रूप होतं, फोटो निघत होते. मलाही आनंद झाला, पण मन कालच्या कोपऱ्यातच होतं. भारताची मैत्री आणि भारती ही केंद्रं याच खंडाच्या पार दुसऱ्या अंगाला आहेत, इथून हजारो किलोमीटरवर. १९८१ च्या डिसेंबरात भारताची पहिली मोहीम गोव्याहून निघाली होती, आमच्या गावापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवरून. त्या वर्षी आबा आरोंद्याला एका काजूबागेचा गडगा घालत होते.

१८ जानेवारी, परतीचा ड्रेक

समुद्र शांत. लेक वही घेऊन आली. “आई, गडगा कसा घालतात ते नीट सांग. क्रमानं.”

मी सांगितलं. आधी चर खणायचा, मुरूम लागेपर्यंत. पायात सगळ्यात मोठे धोंडे, त्यांचं तोंड आत. दोन्ही बाजूंनी दोन ओळी चढवत न्यायच्या, मध्ये बारीक दगड ठासून, नुसते ओतून नाही. हातभर चढलं की एक लांब दगड आडवा टाकायचा, दोन्ही ओळींना धरणारा. वर जाताना भिंत आत घ्यायची, थोडी थोडी. चिपा शेवटी, बाहेरून, हातोडीनं नाही तर दगडानंच ठोकायच्या.

तिनं चित्र काढलं. लांब दगड तिनं एकावर एक काढले होते. मी पेन्सिल घेतली आणि दुसरा दगड अर्धा हात सरकवला.

“आबा दिवसाला किती घालायचे?”

“जोडीदार असला तर सहा-सात हात. दगड जवळ असला तर.”